मागच्या फाटकापासून तीन मैल

सोमवार, ८ जानेवारी

‘तुम्ही चौदा वर्षांच्या असताना तुमच्या घरात सर्वात जास्त कमावणारी व्यक्ती कोणतं काम करत होती?’

मला उत्तर येत नाही.

काउन्सिलच्या धोरण विभागात आजचा पहिला दिवस. घरातली पहिली पदवीधर, नवा कोट, आईने इस्त्री करून दिलेला पांढरा शर्ट — आणि पहिल्याच फॉर्मच्या पहिल्याच पानावर अडकले! खाली नऊ पर्याय होते. डॉक्टर-वकील, कारकून, कारागीर, कामगार, बेकार... शेवटी ‘सांगू इच्छित नाही’.

आई तेव्हा बिस्किटांच्या कारखान्यात पहाटेच्या पाळीला जायची. अजूनही जाते. पण घरात सर्वात जास्त पैसे यायचे ते आजोबांच्या नावाने. खाणीतल्या धुळीची भरपाई. आजोबा काम काहीच करत नव्हते. खिडकीशी बसायचे, नाकात ऑक्सिजनची नळी, मांडीवर शब्दकोडं. मग घर कोण चालवत होतं? खरं सांगायचं तर आजोबांची फुप्फुसं. असा पर्याय यादीत नाही.

चौकोन रिकामा सोडला.

पण काय प्रश्न आहे! दिवसभर डोक्यातून जाईना. कुठेतरी एका सरकारी टेबलाशी बसून कुणालातरी वाटलं, की माणूस आज काय आहे एवढं पुरत नाही — चौदाव्या वर्षी त्याच्या घरात चूल कशावर पेटत होती तेही विचारावं. माझ्या चौदाव्या वर्षाची कुणी कधी चौकशी केली नव्हती. केली ती सरकारने!

मंगळवार, ९ जानेवारी

मार्गेड — माझी साहेब, पन्नाशीची, गळ्यात चष्मा लोंबतो, तो शोधत फिरते — म्हणाली, “एक चौकोन राहिला की गं तुझा. ‘सांगू इच्छित नाही’वर खूण कर आणि मोकळी हो.”

सांगू इच्छिते ना. तीच तर अडचण.

मंगळवार, १६ जानेवारी

पहिली फाइल मिळाली. 

नवा कायदा काय सांगतो ते शाळेत, विद्यापीठात वाचलं होतं. आज तो कामाला लावायचा आहे — मी! कोणताही मोठा निर्णय घेण्याआधी काउन्सिलने थांबायचं आणि स्वतःला विचारायचं: ज्यांच्याकडे आधीच कमी आहे त्यांचं यामुळे आणखी कमी होईल का? एवढंच. साधं वाक्य. पण राजवाडे, खाणमालक, संप, काय काय होऊन गेल्यावर या आमच्या वेल्श देशाने हे वाक्य कायद्यात लिहिलं. चर्चमध्ये जाऊन बसल्यासारखं वाटलं मला. (मार्गेडला हे बोलले. ती म्हणाली, “तिसऱ्या वर्षी विचारीन तुला पुन्हा.”)

तर निर्णय असा: शाळेची मोफत बस. नियम तीन मैलांचा. घरापासून शाळा चालत तीन मैलांहून लांब असेल तर बस मिळते, कमी असेल तर नाही. काउन्सिलने सगळे रस्ते संगणकाच्या नकाशावर नव्याने मोजले. त्यात घरांची एक ओळ तीन मैलांच्या आत आली. चौसष्ट यार्डांनी! सतरा मुलांची बस जाणार. त्या मुलांवर काय परिणाम होईल तो अहवाल मी लिहायचा, अंतर स्वतः चालून तपासायचं.

ओळीचं नाव वाचलं आणि पान खाली ठेवलं.

टॉप रो.

दरीच्या अगदी माथ्याला, बावीस घरं, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी. मोजताना आख्खी ओळ एक धरतात, मधल्या घरापासून. मधलं घर म्हणजे अकरा नंबर. अकरा नंबर म्हणजे आमचं!

जुनं मोजमाप फाइलीतच होतं, तीस वर्षांपूर्वीचं. पिवळा कागद, शाईचं पेन: ‘तीन मैल एकतीस यार्ड. इ. बेनन.’ म्हणजे मी सात वर्षं ज्या बसने शाळेत गेले ती या एकतीस यार्डांवर चालत होती. आई पहाटे साडेचारला कारखान्यात. आजोबांना दारापर्यंत चालवत नव्हतं. हिवाळ्यात आठपर्यंत अंधार, रस्त्याला फूटपाथ नाही, लाकडाचे ट्रक. एकतीस यार्ड नसते तर मी आज कुठे असते? आईच्या शेजारी, पट्ट्यावरची बिस्किटं मोजत.

मार्गेडला सांगायला हवं होतं, की मी तिथलीच. माझ्या अर्जावर पत्ता खाली शहरातल्या भाड्याच्या खोलीचा आहे, तिला माहीत नाही. तोंड उघडलंही. मग वाटलं, फाइल काढून घेतील.

नाही सांगितलं.

रविवार, २१ जानेवारी

अंतर मोजायचं चाक घेऊन गेले. लांब दांडा, टोकाला चाक, दर यार्डाला टक् करतं. फॉर्मवर छापलंय: ‘सुरुवात — घराचं फाटक.’ आमच्या समोरच्या फाटकाला गंज चढलाय, उघडेना. चाक वरून उचलून पलीकडे ठेवलं आणि निघाले. टक्, टक्, टक्.

शाळेच्या फाटकाशी पोचले तेव्हा आकडा होता: तीन मैलांना साठ यार्ड कमी.

पुन्हा पाहिला. चाक झटकलं. साठ कमी.

म्हणजे नकाशा बरोबर. आणि इ. बेनन यांनी जवळजवळ शंभर यार्ड वाढवून लिहिले होते. खोटं!

सोमवार, २२ जानेवारी

माझी पदवी एका खोट्या आकड्यावर उभी आहे. हे वाक्य लिहून पाहिलं. भयंकर दिसतं.

बुधवार, २४ जानेवारी

इ. बेनन जिवंत आहेत! इदवाल बेनन, ब्याऐंशी वर्षांचे. पाचच्या बसने त्यांच्याकडे गेले. शेडमध्ये लीक मोजत बसले होते — कांद्याच्या पातीसारखी जाड भाजी, प्रदर्शनातल्या स्पर्धेसाठी लावलेली, प्रत्येक पातीला फूटपट्टी. मोजल्याशिवाय माणसाला चैन नाही.

मी सगळं पाठ करून गेले होते. सन्मानाने विचारायचं, आरोप करायचा नाही. आणि पहिल्याच दमात निघून गेलं, “तुम्ही शंभर यार्ड कुठून आणलेत?”

त्यांनी फूटपट्टी खाली ठेवली. “कुणाची गं तू?”

“टॉप रो. अकरा. गेनरची मुलगी.”

“म्हणजे एल्विनची नात!” चेहरा एकदम उघडला. “अगं, खाण बंद पडेपर्यंत एल्विन आणि मी एकाच पाळीला. माझ्या डब्यातलं चीज खायचा आणि वर नावं ठेवायचा. बस, बस. तर काय म्हणतेस, शंभर यार्ड?”

“मी मोजलं रविवारी. साठ कमी भरतात.”

“सुरुवात कुठून केलीस?”

“फाटकापासून.”

“कुठल्या?”

“समोरच्या... फॉर्मवर तसं...”

त्यांनी फूटपट्टी पुन्हा उचलली. हसले नाहीत. मग अगदी हळू म्हणाले, “पोरी, त्या फाटकातून एल्विन सोडून कधी कोण गेलंय?”

मी हातातला फॉर्म घडी करून खिशात घातला. 

टॉप रोमध्ये समोरचं दार कुणी वापरत नाही. कुणीच नाही, कधीच नाही. ते नवरीसाठी आणि शवपेटीसाठी. आजोबा गेले तेव्हा आईने आणि शेजारच्या व्हायोलेट मावशीने चौकटीला साबण लावून ते ओढून उघडलं होतं. मी सोळा वर्षांची होते, कडी मीच धरली होती. त्यानंतर ते उघडलेलं नाही. आमचं सगळं येणं-जाणं मागच्या दाराने, मागच्या गल्लीतून. आणि गल्ली खालच्या टोकाला भिंतीने बंद आहे — वरच्या टोकाने बाहेर पडायचं आणि समोरच्या रस्त्याने आख्खी ओळ ओलांडून पुन्हा खाली यायचं. बावीस घरांचा तो वळसा. शंभर यार्ड तिथले!

हे मला माहीत नव्हतं? अठरा वर्षं त्या गल्लीतून धावले आहे! पण हातात फॉर्म आला आणि मी काउन्सिलसारखी चालायला लागले. गंजलेल्या फाटकावरून चाक उचलून ठेवलं आणि तरी डोक्यात काही आलं नाही.

“साहेब ओरडला होता मला तेव्हा,” इदवाल म्हणाले. “म्हणाला, पत्ता समोरचा असतो. म्हटलं, पत्ता शाळेत जात नाही. पोरं जातात. पोरं जिथून निघतात तिथून मोजणार.”

येताना लीकची एक जुडी दिली. “ही हरणारीच होती.”

शनिवार, २७ जानेवारी

आज मागच्या फाटकापासून.

सकाळी आठला एकटीच निघणार होते. गल्लीत पाहते तर पोरं उभी! आईने शुक्रवारीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. सतराच्या सतरा. टोप्या, मफलर, एकाच्या हातात बापाचा खाणीतला जुना दिवा. हिवाळ्यातल्या त्या राखाडी उजेडात मी ती ओळ दोनदा मोजली. यांना आपण फाइलीत ‘प्रभावित विद्यार्थी’ म्हणतो.

आई कारखान्यातले बूट घालून आली. “मी पण येणार. सात वर्षं तुला बसमध्ये बसवायलासुद्धा नव्हते मी, आज चालते.”

चाक टक् करायचं आणि पोरं मोठ्याने आकडा म्हणायची. पहिल्या मैलाला वेल्शमध्ये, दुसऱ्याला इंग्रजीत, तिसऱ्याला दम लागल्यावर नुसतंच हुं, हुं, हुं. ट्रक आला की सगळे कुंपणाला चिकटायचे, न सांगता, एका झटक्यात, चिमण्यांसारखे. लाकडाचा एक मोठा ट्रक इतका जवळून गेला की आईची टोपी उडाली. ती टोपी उचलत म्हणाली, “आणि तुमच्या नियमात लिहिलंय, मुलांबरोबर मोठं माणूस चालेल असं धरायचं. कुठलं मोठं माणूस? सगळी मोठी माणसं त्या वेळी बिस्किटं भरतायत!”

हे वाक्य जसंच्या तसं अहवालात घातलंय.

शाळेचं फाटक. सगळे चाकाभोवती गोल. तीन मैल एकोणतीस यार्ड.

तीस वर्षं मधे गेली, चाक नवं, माणूस नवा. इदवाल बेनन यांच्या आकड्यात आणि माझ्या आकड्यात फरक दोन यार्डांचा! मी रस्त्यातच खाली बसले. पोरांना वाटलं दमले. दमले नव्हते. तीस वर्षांपूर्वी एक माणूस नीट चालला होता, म्हणून मी शिकले. खोट्यावर नाही. नीट चालण्यावर.

गुरुवार, १ फेब्रुवारी

मार्गेडने अहवाल वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. “मागचं फाटक! सव्वीस वर्षं मी या नोकरीत, हे कुणी लिहिलं नाही. दोन मोजमापं जुळतायत. टिकेल हे. शाबास.”

मी हवेत.

मग तिने शेवटचं पान पुढे सरकवलं. “इथे सही कर, झालं.” छापील ओळ: ‘या विषयाशी माझा किंवा माझ्या कुटुंबाचा कोणताही व्यक्तिगत संबंध नाही.’

मी विचारलं — सहज विचारल्यासारखं — “कुणी तिथलंच असेल तर?”

“मग त्याचं मोजमाप बाद. बस चालू ठेवायला खर्च आहे, विरोधात बोलणारे टपलेले आहेत. म्हणतील, स्वतःच्या आईच्या दारातून मोजलं.”

“पण कुठलं दार वापरतात ते तिथल्याच माणसाला कळणार ना?”

“हो. म्हणून तर तिथल्या माणसांना नोकरीत घ्या म्हणून धोरण केलं. आणि म्हणूनच त्यांची सही चालत नाही. मला विचारशील तर दोन्ही नियम चांगले आहेत. एकत्र कसे नांदायचे ते मला माहीत नाही.”

कागद बॅगेत घालून घरी आणलाय. म्हटलं, नीट वाचून उद्या देते.

शुक्रवार, २ फेब्रुवारी

सही केली तर आकडा टिकतो. आकडा खरा आहे. फक्त सही खोटी. सतरा मुलं बसमध्ये.

सही नाही केली तर खरा आकडा बाद, आणि नकाशाचा चुकीचा आकडा राहतो. आणि सहा महिने अजमावून पाहण्याची माझी मुदत आहे, ती बहुधा तिथेच संपते.

आईला फोन केला. ती म्हणाली, “तुझ्या आजोबांना डॉक्टर म्हणाला होता, धुळीची टक्केवारी थोडी वाढवून लिहू का, भरपाई वाढेल. आजोबा म्हणाले, आहे तेवढीच लिही, तेवढ्यानेच मरणार आहे मी.” आणि हसली. आणि मग म्हणाली, “पण मी सांगत नाही हं तुला काही. ती पोरं माझ्यासमोर मोठी झालीत.”

रविवार, ४ फेब्रुवारी

कागद अजून बॅगेत. चर्चमध्ये गेले नाही. लीकचं सूप केलं. फार चांगलं झालं.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

आज काही लिहीत नाही.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

लिहायलाच हवं! सगळं, विसरण्याआधी.

बस बंद करण्यावर मतदान होण्याआधी काउन्सिलची समिती प्रत्यक्ष पाहायला टॉप रोला आली. सहा सदस्य, त्यातले अध्यक्ष ग्विलिम हॉवेल्स — सत्तरीचे, चकचकीत बूट, डोक्यावर टोपी — आणि मार्गेड. मी आईच्या स्वयंपाकघरात होते. कामावर असायला हवं होतं, ते नंतर.

गंजलेलं फाटक करकरलं आणि अकरा नंबरच्या समोरच्या दारावर थाप पडली.

आई पांढरीफटक. “कोण गेलं?”

“कुणी नाही, आई, समिती—”

पण थाप आख्ख्या ओळीने ऐकली होती. समोरच्या दारावर थाप म्हणजे आमच्याकडे एकच अर्थ. पुढच्या खिडकीतून मान बाहेर काढून पाहिलं तर एकेका घराचे पडदे खाली यायला लागले — नऊ, दहा, बारा, पंधरा — सगळे, मयताला ओढतात तसे. समिती रस्त्यात उभी राहून वर बघतेय, बावीस घरांनी डोळे मिटलेले! व्हायोलेट मावशी मागच्या दाराने धावत आली, काळी हॅट डोक्यावर, हातात केकचा डबा. “गेनर, कोण गं?”

“कुणी नाही गं. काउन्सिल आलंय.”

“अगंबाई,” मावशी खुर्चीत बसली. “म्हणजे त्याहून वाईट.”

तोवर ग्विलिम हॉवेल्स दार ढकलत होते. दारामागे आईचा फ्रीझर, इस्त्रीची फळी, माझी लहानपणची सायकल. आईने दारातल्या पत्रं टाकायच्या फटीला तोंड लावलं आणि ओरडली, “मागून या!”

“कुठून?” ते फटीपाशी वाकले होते. फटीत नुसत्या मिशा.

“मागून! खाली नका जाऊ, खाली भिंत आहे. वर जा, ओळ संपली की वळा, मग गल्लीने खाली.”

आले. सहाही जण आणि मार्गेड, एकामागून एक, चिखलातून, बुटांची पार वाट लागलेली. ग्विलिम हॉवेल्स धापा टाकत आत शिरले. “केवढं लांब आहे हो हे, बाई!”

“तेच मोजा म्हणतोय,” आई म्हणाली. “चहा घेणार?”

त्यांनी फ्रीझरमागच्या दाराकडे पाहिलं. “शेवटचं कधी उघडलं?”

“बाबा गेले तेव्हा.”

त्यांनी टोपी काढली. “आमच्या घरी माझ्या वडिलांसाठी. पलीकडच्या दरीत. पंचावन्न वर्षं झाली.” मग मार्गेडकडे वळून, वेगळ्याच आवाजात, “गाडीतलं चाक आणा.”

आणि सत्तर वर्षांचा तो माणूस आमच्या मागच्या फाटकापासून निघाला! पाच सदस्य मागे. पडदे एकेक करून वर गेले. म्हातारी-कोतारी दारात आली.  टक्, टक्, टक्, आणि ओळीच्या टोकाला पोचेपर्यंत सगळी टॉप रो त्या आवाजाकडे कान लावून उभी.

मी कायदे वाचले आहेत. कायदा चालताना आज पाहिला.

साडेबाराला मार्गेडचा निरोप: तीन मैल तेहतीस यार्ड. अध्यक्षांनी स्वतः सही केली. मतदानाचा प्रश्नच उरला नाही — बस द्यावीच लागते.

व्हायोलेट मावशीने हॅट काढली आणि डबा उघडला. “आता आणलाच आहे तर खा.”

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

वही, तुलाही सांगितलं नव्हतं. पाच तारखेला, सोमवारी सकाळी नऊ वाजता, मार्गेडला लिहून दिलं: मी टॉप रोची, अकरा नंबरची, हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, माझं मोजमाप फाइलीतून काढा आणि समितीने स्वतः येऊन मोजावं. तिने माझ्यासमोर मोजमापाचं पान काढून फाडलं. तेव्हापासून मी त्या विभागात नाही. पार्किंगच्या तक्रारी बघते. काल रजा घेतली होती.

आणि त्याच सकाळी जानेवारीतला तो चौकोनही भरला. पर्याय नव्हता, म्हणून समासात लिहिलं: आजोबांची फुप्फुसं.